एकाचा गुन्हा आणि सर्वांचा धर्म



गेल्या महिन्यात एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक कॉलेजात शिकणारा तरुण माझ्याजवळ आला. त्याच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीस नागपूर येथे दीक्षा घेतलेली आहे. त्याने आपल्या मोबाईलवरील एक चित्रफीत मला दाखविली. कोठे तरी काही माणसांनी निरपराधांची हत्या केली होती, आणि मारेकऱ्यांची नावे नव्हे तर त्यांचा धर्म त्या चित्रफितीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. "वकीलसाहेब, ह्या लोकांचा धर्मच तसा आहे, नाही का?" असे त्याने विचारले. त्याची आई, आजोबा व आणखी चारपाच मंडळी उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी "पुढे कधी तरी बोलू" असे म्हणून चपला पायांत सरकविल्या आणि बाहेर पडलो. वीस वर्षे न्यायालयात उभे राहून प्रश्नांना उत्तरे देणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला हे शोभले नाही. ते राहिलेले उत्तर मी आज आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

उत्तरासाठी मी आपणांस सिंहलद्वीपास नेणार आहे. त्या देशाविषयी आपल्या मनात आदर आहे आणि तो असावयासच हवा. १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस पूज्य बाबासाहेब स्वतः उपस्थित राहिले होते. त्याच देशात नऊ वर्षांनंतर काय घडले ते पाहा.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी सकाळी कोलंबोतील आपल्या निवासस्थानाच्या ओसरीवर पंतप्रधान सॉलोमन बंदरनायके लोकांची गाऱ्हाणी ऐकत होते. हे बंदरनायके ख्रिस्ती घराण्यात जन्मले होते व पुढे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता. म्हणजे एका अर्थी तेही आपल्याप्रमाणे नवदीक्षितच. भेटीस आलेल्यांत एक भिक्षू होता. पंतप्रधानांनी त्याला रीतीप्रमाणे वाकून वंदन केले, आणि त्या भिक्षूने चीवराआड लपविलेले पिस्तूल काढून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी बंदरनायके मृत्यू पावले. मारेकऱ्याचे नाव तालदुवे सोमाराम. तो देशी वैद्यकाच्या विद्यालयात शिकवीत असे. ह्या कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्यावर खटला झाला, तो मापितिगम बुद्धरक्षित हा केलनिया येथील प्राचीन व अत्यंत पूज्य मानल्या गेलेल्या विहाराचा प्रमुख भिक्षू होता. १९५६ च्या निवडणुकीत बंदरनायके यांना सत्तेवर आणण्यासाठी जे भिक्षू झटले, त्यांच्या अग्रभागी हाच बुद्धरक्षित होता. त्याच्या रागाचे मूळ म्हणून पुढे जे आले ते धर्माचे कारण नव्हते. अपेक्षिलेली सरकारी कंत्राटे व सवलती मिळाल्या नाहीत, हे होते.

बंधुभगिनींनो, क्षणभर थांबा. मारणारा भिक्षू. मारविणारा विहारप्रमुख. अंगावर तथागताचे चीवर. वंदन स्वीकारण्याच्या क्षणी केलेला वार. "बौद्धांचा धर्मच तसा" असे म्हणावयास जगाला ह्याहून अधिक काय हवे होते? कोणी तसे म्हटले तर आपणांपैकी प्रत्येक जण उसळून उठेल, आणि ते योग्यच होईल. पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो. एका खुन्याने ते मोडले म्हणून ते शील खोटे ठरत नाही, आणि ते पाळणारे कोट्यवधी लोक खुनी ठरत नाहीत. परंतु हा युक्तिवाद आपल्याला आपल्या धर्मासाठी सुचतो तितक्या तत्परतेने दुसऱ्याच्या धर्मासाठी सुचतो काय? माझा सारा प्रश्न एवढाच आहे.

सिंहलद्वीपाच्या न्यायालयाने ह्या गुन्ह्याची वाटणी कशी केली, हेही मी सांगितले पाहिजे, कारण एखाद्या वकिलाला ह्याहून चांगले उदाहरण सहज मिळणार नाही. १९६१ साली पाच आरोपींवर ज्यूरीपुढे खटला चालला. त्यांपैकी तिघे दोषी ठरले व दोघे सुटले. ज्या दोघांचा दोष सिद्ध झाला नाही त्यांना, देशभर संतापाची लाट असताना सुद्धा, सोडून देण्यात आले. दोषी ठरलेल्या तिघांना देहान्ताची शिक्षा झाली. बंदरनायके यांच्याच सरकारने त्या देशात फाशीची शिक्षा तहकूब ठेविली होती. त्यांच्या खुनानंतर ती नव्या कायद्याने व मागील तारखेपासून पुन्हा लागू करण्यात आली होती. अपिलात असा मुद्दा निघाला की नव्या कायद्याची भाषा खुनाला लागू पडते, खुनाच्या कटाला नाही. तेव्हा बुद्धरक्षित व त्याचा एक साथीदार ह्यांची फाशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप झाली. पंतप्रधानाच्या खुनाचा कट करणाऱ्यालाही कायद्याच्या शब्दांपलीकडे एक तसूभर अधिक शिक्षा देता आली नाही. ६ जुलै १९६२ रोजी सोमाराम फासावर गेला. जाण्यापूर्वी तुरुंगात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता.

आता ह्या खुनाचा दोष कोणत्या धर्माच्या खात्यावर लिहावयाचा? गोळी झाडताना तो बौद्ध होता, फासावर चढताना ख्रिस्ती होता. जे धर्माला गुन्हेगार ठरवू पाहतात त्यांनी हा हिशोब मांडून दाखवावा. कायद्याला हा प्रश्न पडलाच नाही. त्याच्यापुढे तालदुवे सोमाराम नावाचा एक मनुष्य होता व त्याच्या हातातले एक पिस्तूल होते.

स्वतः बंदरनायके यांनी रुग्णालयातून राष्ट्राला जो निरोप दिला, त्यात मारेकऱ्याविषयी सूडबुद्धी धरू नका, त्याला करुणा दाखवा, असे सांगितले होते. आणि त्याचे वर्णन भिक्षूच्या वेषातील एक अविचारी मनुष्य असे केले होते. वेष आणि मनुष्य ही दोन त्यांनी वेगळी ठेविली. गोळ्या लागलेला मनुष्य जर हा भेद करू शकतो, तर घरी बसून चित्रफीत पाहणाऱ्या आपणांस तो करणे जड का जावे?

येथे ही कथा संपली असती तर मला आनंद झाला असता. परंतु त्या देशाचा पुढचा इतिहास आपल्या धर्मबांधवांना तितकासा भूषणावह नाही, आणि तो लपवून मी आपणांस सल्ला दिला तर ती अप्रामाणिक वकिली होईल. १९५९ साली पिस्तूल धरणारा हात तमिळाचा किंवा मुसलमानाचा असता तर काय झाले असते, याची कल्पना करा. अवघ्या सोळा महिन्यांपूर्वी, मे १९५८ मध्ये, तेथे तमिळांविरुद्ध भीषण दंगली होऊन गेल्या होत्या. हात भिक्षूचा होता म्हणून गुन्हा त्या हातापुरताच राहिला. बहुसंख्याकांतील गुन्हेगार हा सुटा मनुष्य असतो, आणि अल्पसंख्याकांतील गुन्हेगार हा आपल्या सर्व जातभाईंचा मुखत्यार असतो, असा हा जगाचा अलिखित कायदा आहे. आपण भारतात कोणत्या बाजूला आहोत, हे सांगण्याची गरज नसावी.

साठ वर्षांनी तो प्रसंग आला. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेतील तीन चर्च व कोलंबोतील तीन मोठी हॉटेले येथे आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे ठार झाली. स्फोट घडविणारे मुसलमान होते, आणि त्यांनी ते धर्माच्या नावाने घडविले होते, ह्यात शंका नाही. ह्या टोळीच्या म्होरक्याविषयी त्याच देशातील मुस्लिम पुढाऱ्यांनी सरकारकडे अगोदर तक्रारी केल्या होत्या, भारतानेही स्फोटांपूर्वी सूचना दिली होती. त्यांची योग्य दखल घेतली गेली नाही. मे महिन्याच्या मध्यास कुरुनेगला, गंपहा, पुत्तलम ह्या जिल्ह्यांत जमाव निघाले. मुसलमानांची दुकाने, घरे, मशिदी फोडल्या व जाळल्या गेल्या, एका मुस्लिम गृहस्थाचा जीव गेला. ज्यांची दुकाने जळाली त्यांनी बॉम्ब ठेविला नव्हता. कुरुनेगला येथील एका मुस्लिम शल्यवैद्यावर, त्याने हजारो सिंहली स्त्रियांना गुपचूप वांझ केले, असा भयंकर आळ घेऊन त्याला अटक करण्यात आली. तपासात त्याला आधार सापडला नाही व पुढे तो आपल्या कामावर परत घेतला गेला. मे महिन्याच्या अखेरीस एका भिक्षूने, जो संसदेचा सदस्यही होता, उपोषण आरंभिले, आणि त्या दडपणाखाली मंत्रिमंडळातील सर्व मुस्लिम मंत्र्यांनी राजीनामे दिले.

हे करणारे, किंवा हे होऊ देणारे, बहुतांशी बौद्ध होते. तेव्हा बौद्ध धर्म हा दंगलखोरांचा धर्म आहे, असे म्हणावयाचे काय? नाही. मी ते म्हणणार नाही, कारण १९५९ साठी जो न्याय मी मागितला तोच येथे लागू आहे. दंगल करणाऱ्यांनी दंगल केली. परंतु ज्यांनी बॉम्बवाल्यांच्या गुन्ह्यासाठी त्यांच्या सर्व धर्मबांधवांना जबाबदार धरले, त्यांना स्वतःसाठी हा बचाव मागण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने राहतो?

त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र वेगळी वाट धरली. १२ जानेवारी २०२३ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने असा निकाल दिला की, सूचना मिळूनही स्फोट टाळण्यात कसूर केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रिपाल सिरिसेना यांनी आपल्या खाजगी उत्पन्नातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यावी. पोलीस व गुप्तवार्ता विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवरही वेगवेगळ्या रकमा बसविल्या. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचे कर्तव्य, प्रत्येकाची कसूर आणि प्रत्येकाची रक्कम. जमावाने ज्या प्रश्नाचे उत्तर काडेपेटीने दिले, त्याच प्रश्नाचे हे उत्तर आहे. जमावाचे उत्तर तीन आठवड्यांत आले व न्यायालयाचे यावयास पावणेचार वर्षे लागली, हे खरे. पण मेलेल्यांच्या नातलगांच्या हाती काही पडावयाचे असेल तर ते ह्या दुसऱ्या उत्तरातूनच.

आता माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप कायद्याचा आहे आणि तो माझ्याच एका तरुण सहकाऱ्याने घेतला. तो म्हणाला, "आपल्या संरक्षणासाठी जो कायदा आहे त्यातच सामुदायिक दंडाची तरतूद आहे. मग सामुदायिक दोष हा अन्याय कसा?" मुद्दा बिनतोड वाटतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ साली कलम १० अ घालण्यात आले, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १६ ने ते त्या कायद्यालाही लागू केले. परंतु कलम वाचावयाचे ते शेवटच्या ओळीपर्यंत. सामुदायिक दंड कोणावर बसवावयाचा? चौकशीनंतर शासनाची अशी खात्री झाली पाहिजे की एखाद्या भागातील रहिवासी त्या गुन्ह्यात गुंतले आहेत, किंवा त्यांनी चिथावणी दिली, गुन्हेगारांना आसरा दिला, त्यांना शोधण्यात शक्य ती मदत केली नाही, किंवा महत्त्वाचा पुरावा दडपला. प्रत्येक शब्द कृतीचा आहे, नाही तर कर्तव्य असता न केलेल्या कृतीचा आहे. जन्माचा एकही शब्द त्यात नाही. शिवाय ज्याच्यावर दंडाचा हिस्सा येतो त्याला अर्ज करून सूट मागता येते, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याच्याकडून वसुली होत नाही. दाराशी आलेल्या जमावापुढे असा अर्ज कोणाला करता आला आहे?

बेकायदा जमावाचे जुने कलम १४९ होते, ते आता भारतीय न्याय संहितेत कलम १९० आहे. तेही असेच वाचले पाहिजे. जमावातील एकाने केलेला गुन्हा सर्वांना लागतो, पण केव्हा? जमावाचा उद्देश समान असेल तेव्हा. समान धर्म म्हणजे समान उद्देश नव्हे. आणि गर्दीतील पुष्कळांवर आरोप असतो तेव्हा प्रत्येकाच्या सहभागाबद्दल किमान दोन-तीन साक्षीदारांचा सुसंगत पुरावा पाहावा, असा दंडक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मसल्टीच्या खटल्यात घालून दिला. तो आपल्याच उपयोगाचा आहे. कारण गावात मारामारी झाली की फिर्यादीत चार नावे लिहून पुढे "व वस्तीतील इतर पन्नास-साठ जण" असे लिहिले जाते, आणि त्या "इतर" मध्ये आपलीच पोरे महिनोन्महिने तुरुंगात पडतात, हे मी किती वेळा पाहिले आहे!

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो असा की, पूज्य बाबासाहेबांनी तर हिंदू धर्मावरच आघात केला. त्यांनी व्यक्तींना नव्हे, धर्मालाच दोषी धरले. मग आम्ही इतर धर्माला का धरू नये? ह्या प्रश्नाचे उत्तर महाडात आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्या चालल्या. त्या वेळी काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आपले तरुण प्रतिकारास उतावीळ झाले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांपैकी काहींवर खटले होऊन शिक्षा झाल्या. तळ्याच्या हक्काचा दावा दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयापर्यंत गेला व १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने सुटला. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली. त्या परिषदेसाठी जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने, आणि मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. जन्मावरून दोष ठरवावयाचा असता तर सहस्रबुद्ध्यांना त्या मांडवात पाऊलही ठेवता आले नसते.

ग्रंथाने जी आज्ञा दिली तिचा जाब ग्रंथाला विचारला. लाठी ज्याने मारली त्याचा जाब त्याला न्यायालयात विचारला. महाडात एकाही सवर्णाचे घर जळाले नाही. कोणत्याही धर्माच्या शिकवणुकीची कठोर चिकित्सा करा, तिचे ग्रंथ वाचा, तिच्या आचार्यांना जाहीर प्रश्न विचारा. इस्लामचीही करा, ख्रिस्ती धर्माचीही करा, आणि लाज न धरता आपल्या धर्माचीही करा. चीवर घालून सत्ता व पैसा ह्यांचा व्यापार करणारा मनुष्य केलनियासारख्या विहाराच्या प्रमुखपदी कसा राहिला, हा प्रश्न बौद्ध संघाला विचारलाच पाहिजे. परंतु हा प्रश्न संघाच्या व्यवस्थेला आहे. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बौद्ध बाईला नाही. मग मुसलमान भाजीवाल्याला तो का विचारावयाचा?

ह्याच महाराष्ट्रात ३० जानेवारी १९४८ नंतर काय झाले ते आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. गोळ्या नथुराम गोडसेने झाडल्या, आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंना ब्राह्मणांची घरे जळाली. त्यांतील पुष्कळांनी गोडसेचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले असेल. "त्यांना बरी अद्दल घडली" असे आपल्यातही कोणी कोणी बोलतात. त्यांना मी १९७८ ची आठवण देतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि औरंगाबादपासून कितीतरी दूर, नांदेड-परभणीच्या खेड्यांत आपल्या लोकांच्या झोपड्या पेटल्या. ज्या म्हातारीने विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती तिचे जोंधळ्याचे कणगे जळाले. तिचा अपराध काय? ती "त्यांच्यातली" होती. आजही एखाद्या गावात आपला एक मुलगा मनाप्रमाणे लग्न करतो आणि साऱ्या वस्तीला किराणा मिळेनासा होतो, पिठाची गिरणी बंद होते. २०१५ च्या दुरुस्तीने असा बहिष्कार हा अत्याचार ठरला आहे. तो गुन्हा आपण ज्या तर्काने ठरवून घेतला, तोच तर्क शेजारच्या मोहल्ल्यासाठी नाकारला, तर उद्या आपल्या फिर्यादीवर विश्वास कोण ठेवील?

शेवटी एक सध्याची हकीकत सांगतो. नावे व गाव सांगत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले व एका मुलाचा डोळा थोडक्यात वाचला. त्याचे वडील माझ्याकडे आले. त्यांना फिर्यादीत "समस्त मोहल्ला" असे लिहावयाचे होते. मी नावे मागितली. ते माझ्यावर रागावले, "तुम्ही आमचे की त्यांचे?" असे देखील म्हणाले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांच्याजवळ तीन नावे होती. त्यांतली दोन त्याच मोहल्ल्यातील एका शिंप्याने सांगितली होती. त्याने आपल्या दुकानाच्या पायरीवरून दगड मारणारे हात पाहिले होते. फिर्यादीत समस्त मोहल्ला लिहिला गेला असता तर तो शिंपी आज आरोपी असता. त्याला साक्षीचे समन्स गेले आहे. त्याच्या शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे असे ऐकतो, आणि तारखेस तो येईल की नाही हे मला सांगता येत नाही. त्या दिवशी विहारातल्या त्या तरुणाने न्यायालयात मागच्या बाकावर येऊन बसावे, असा निरोप मी त्याच्या आईकडे दिला आहे.